बिल्ड जॉबची सेटिंग एआय एजंटला दाखवणारं साधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेंकिन्स म्हणजे प्रोग्रॅमचा कोड घेऊन तो आपोआप बांधणारी यंत्रणा. तिला नेमून दिलेलं प्रत्येक काम म्हणजे एक जॉब, आणि जॉब एकदा चालला की एक बिल्ड. आमचा जेंकिन्स सर्व्हर छत्रपती संभाजीनगरच्या ऑफिसात आहे. त्यावर काम करणारी निम्मी मंडळी लातूर, नांदेड, परभणीत घरी बसून काम करतात. "हा जॉब कुठल्या ब्रँचवरून निघतो?", "रात्री का चालला नाही?" असे प्रश्न पूर्वी सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करून विचारले जायचे. आता लोक ते आधी एआय एजंटला विचारतात. एजंटने अंदाजपंचे उत्तर देऊ नये, प्रत्यक्ष सेटिंग वाचून द्यावं, म्हणून हे साधन. खालचे प्रश्न आमच्याच लोकांनी आणि ग्राहकांकडच्या देखभाल करणाऱ्यांनी विचारलेले आहेत.

एक खुलासा आधीच. जेंकिन्समध्ये बिल्ड चालवणाऱ्या मशिनलाही एजंट म्हणतात. गोंधळ नको म्हणून या पानावर "एजंट" म्हणजे फक्त एआय, आणि मशिनला "नोड" म्हटलं आहे.

हे साधन नेमकं करतं काय?

एजंट जॉबचं नाव देतो. साधन जेंकिन्सकडून त्या जॉबची कॉन्फिग.एक्सएमएल फाईल (जॉबची सेटिंग हिच्यात असते) आणतं आणि त्यातलं कामाचं तेवढं वेचून जेसनमध्ये (प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या साच्यात) परत देतं: जॉबचा प्रकार, चालू की बंद, पॅरामीटर (जॉब चालवताना द्यायच्या किमती) आणि त्यांच्या डिफॉल्ट किमती, ट्रिगर (जॉब कधी सुटायचा), कोणत्या लेबलच्या नोडवर चालायचं, जुने बिल्ड किती दिवस ठेवायचे, कोड कुठून घ्यायचा. बदलत काहीच नाही.

एजंटला जेंकिन्सचा पत्ता दिला तर तो स्वतःच वाचेल की. मध्ये साधन कशाला?

वाचेल, पण चुकीचं समजून घेईल. ही फाईल माणसांसाठी लिहिलेली नाही, आणि एआय मॉडेलसाठी तर नाहीच.

फ्रीस्टाईल जॉबच्या (ज्याची कामं स्क्रीनवर भरतात) फाईलची सुरुवात "प्रोजेक्ट" या टॅगने होते, पाईपलाईनची (ज्याचे टप्पे स्क्रिप्टमध्ये लिहितात) "फ्लो-डेफिनिशन"ने. आत पानभर क्लासची नावं असतात आणि त्यातली बरीचशी "हडसन"ने सुरू होतात, कारण २०११ मध्ये हडसनचं जेंकिन्स झालं तरी कोडमधली जुनी नावं तशीच राहिली. ते पाहून एजंटने "तुमचा सर्व्हर हडसनचा आहे, अपग्रेड करा" असा सल्ला दिला तर नवल नको. जुने बिल्ड ठेवण्याच्या रकान्यात -१ असतं. त्याचा अर्थ "मर्यादा नाही" असा आहे, पण संदर्भ नसेल तर ती चूक वाटते. "कॅन रोम" (कुठल्याही नोडवर चालू शकतो) हे खरं असेल तर खाली लिहिलेलं नोडचं लेबल पाळलंच जात नाही. लेबल डोळ्यांसमोर दिसतं आणि लागू मात्र नसतं. अशा ठिकाणी साधन अर्थ लावून देतं: "लेबल नोंदलेलं आहे, पण लागू नाही".

शिवाय जेंकिन्स ही फाईल एक्सएमएल १.१ म्हणून लिहितं. कित्येक भाषांचे नेहमीचे पार्सर (फाईल वाचणारे प्रोग्रॅम) फक्त १.० वाचतात आणि पहिल्याच ओळीला अडतात. एजंटला स्वतः स्क्रिप्ट लिहून ही फाईल वाचायला सांगितलं, तर त्याचा पहिला अर्धा तास याच ओळीशी झगडण्यात जातो.

हे कशावर चालतं?

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर, म्हणजे एमसीपीवर. एआय एजंटने बाहेरच्या साधनांशी कसं बोलायचं, याचा हा ठरलेला संकेत. ॲन्थ्रॉपिक या एआय कंपनीने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. देवाणघेवाण जेसन-आरपीसी २.० या संदेशांच्या साच्यात होते. एजंट आधी साधनांची यादी मागतो, मग हव्या त्या साधनाला हाक मारतो. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये बसलेल्यांसाठी साधन त्यांच्याच मशिनवर स्टॅंडर्ड इनपुट-आउटपुटवरून चालतं, बाहेरच्यांसाठी एचटीटीपीवरून. दोन्हीकडे उत्तर तेच.

जॉबचं नाव कसं द्यायचं? फोल्डर असेल तर?

पूर्ण नाव द्या, फोल्डरसकट, मध्ये तिरकी रेघ: "कारखाना/गाळप-अहवाल". जेंकिन्सच्या पत्त्यात प्रत्येक पायरीआधी "जॉब" हा शब्द येतो, तो तुम्ही लिहू नका, साधन घालतं. ब्राउझरमधला अख्खा पत्ता चिकटवला तरी चालतं, त्यातून नाव काढून घेतलं जातं.

मल्टिब्रँच जॉबमध्ये (कोडच्या प्रत्येक ब्रँचसाठी, म्हणजे समांतर आवृत्तीसाठी, वेगळा जॉब) ब्रँचच्याच नावात तिरकी रेघ असते तिथे घोळ होतो. जेंकिन्स त्या रेघेच्या जागी %२एफ लिहितं आणि ब्राउझरच्या पत्त्यात तेच %२५२एफ होतं. एजंट यातलं कोणतंही रूप देऊ शकतो, साधन तिन्ही जमवून पाहतं.

"टँकर-फेऱ्या" हा जॉब समोर दिसतोय, तरी साधन म्हणतं सापडला नाही. नाव हुबेहूब तेच आहे!

दिसायला तेच आहे, आतून नाही. जेंकिन्स देवनागरी नावं आनंदाने घेतं, आणि पाणीटंचाईच्या काळात तालुक्यांना लागणाऱ्या टँकरच्या ॲपचे जॉब आम्ही मुद्दाम मराठीत ठेवले आहेत. पण "फेऱ्या"मधला अर्धा र संगणकात तीन तऱ्हेने लिहिता येतो. एक म्हणजे "ऱ" हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरं, साधा "र", खाली नुक्ता आणि हलन्त. तिसरं, साधा "र", हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर तिन्ही सारखेच. कोणता कीबोर्ड वापरला यावर कोणतं उमटेल ते ठरतं.

युनिकोड म्हणजे संगणकातल्या अक्षरांचं प्रमाण. त्याच्या एनएफसी नियमाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणायचा नियम) पहिली दोन रूपं एक होतात. तिसरं होत नाही, कारण जोडक हे त्या नियमाच्या दृष्टीने वेगळं अक्षरच आहे. म्हणून साधन आधी एनएफसी लावतं, मग अर्ध्या र-नंतरचा जोडक ओळखून ते रूपही "ऱ"मध्ये आणतं आणि मगच नावं ताडून पाहतं. जुन्या आवृत्तीत ही दुसरी पायरी नव्हती. तुमच्याकडे अजून "सापडला नाही" येत असेल तर साधन अद्ययावत करा. "वाऱ्या", "दऱ्या", "शेतकऱ्यांसाठी" अशी नावं असतील तर हे हमखास भेटणार.

एजंटला जॉब सापडत नाही, पण मला तर दिसतोय. असं कामून?

कारण तुम्ही आणि एजंट वेगवेगळ्या खात्यांवरून आत जाता. ज्या खात्याला जॉब पाहायची परवानगी नाही, त्याला जेंकिन्स "परवानगी नाही" असं सांगत नाही, सरळ ४०४ देतं. ४०४ म्हणजे जॉब नाही किंवा असून दिसत नाही, यातलं काहीही. साधनही उत्तरात दोन्ही शक्यता लिहितं. एवढं असूनही एजंट कधीकधी छातीठोकपणे "असा जॉब अस्तित्वात नाही" म्हणतो. तेव्हा त्याला साधनाचं मूळ उत्तर दाखवायला सांगा.

४०३ आलं तर गोष्ट वेगळी. त्या वेळी जॉब दिसतोय, पण सेटिंग वाचायची परवानगी नाही. जेंकिन्समध्ये "जॉब/रीड" असलं की जॉब आणि त्याचे बिल्ड दिसतात. कॉन्फिग.एक्सएमएल मात्र "जॉब/कॉन्फिगर" किंवा "जॉब/एक्स्टेंडेड रीड" असल्याशिवाय मिळत नाही. ही एक्स्टेंडेड रीड मूळ परवानग्यांच्या तक्त्यात दिसतच नाही, त्याच नावाचं प्लगइन टाकल्यावर तिचा रकाना उगवतो. तो रकाना न दिसल्यामुळे पुष्कळ ठिकाणी वाचण्यापुरत्या कामासाठी सरळ कॉन्फिगर देऊन टाकतात. कृपा करून तसं करू नका. कारण पुढे गुपितांच्या प्रश्नात आहे.

पाईपलाईन जॉबचे टप्पे उत्तरात का येत नाहीत?

बहुधा ते सेटिंगमध्ये नसतातच. "स्क्रिप्ट फ्रॉम एससीएम" (स्क्रिप्ट कोडच्या साठ्यातून, म्हणजे रेपोतून, घ्यायची) निवडलेलं असेल तर जॉबकडे फक्त रेपोचा पत्ता, ब्रँच आणि स्क्रिप्टचा मार्ग असतो. तो मार्ग बहुधा "जेंकिन्सफाईल" एवढाच. टप्पे, नोडचं लेबल, टाईमआउट सगळं त्या फाईलमध्ये. साधन हा मार्ग देतं आणि सोबत "पुढचं रेपोत वाचा" अशी सूचना जोडतं. रेपो वाचायचं साधन एजंटकडे असेल तर तो तिकडे जातो. नसेल तर त्याने तिथे थांबायला हवं, टप्पे कल्पनेने भरायला नकोत.

याहून फसवी गोष्ट पॅरामीटरची. जेंकिन्सफाईलमध्ये तुम्ही नवा पॅरामीटर लिहिला, पुश केला, आणि एजंटला विचारलं तर तो म्हणतो असा पॅरामीटर नाही. तो बरोबर सांगतोय. जेंकिन्सफाईलमधले पॅरामीटर आणि ट्रिगर जॉबच्या सेटिंगमध्ये उतरतात ते जॉब एकदा चालल्यावर. म्हणून बदलानंतरचा पहिला रन जुन्याच पॅरामीटरवर सुटतो. ट्रिगरचंही तेच: वेळ बदलून पुश केली आणि जॉब एकदाही चालवला नाही, तर तो जुन्याच वेळेला जागा होणार.

उलट बाजूही आहे. जेंकिन्सफाईलमध्ये "प्रॉपर्टीज" ही पायरी असेल, तर स्क्रीनवरून हाताने केलेली सेटिंग पुढच्या रनला पुसली जाते. एजंटने सकाळी एक सांगितलं आणि दुपारी दुसरं, अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा मधे असा एक रन झालेला असतो.

जॉब पहाटे दोनला लावलाय असं एजंट म्हणतो, पण तो साडेसातनंतर चालतो.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. सेटिंगमध्ये "एच २ * * *" (मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच रकाने) असेल तर ते यूटीसीचे दोन, म्हणजे आपले साडेसात. आपल्या वेळेने चालवायचं असेल तर ट्रिगरच्या रकान्यात पहिल्याच ओळीला "टीझेड=एशिया/कोलकाता" लिहा. साधन आता यूटीसी आणि भारतीय अशा दोन्ही वेळा देतं.

"एच"बद्दल थोडं. सगळे जॉब ठोक शून्य मिनिटाला सुटून सर्व्हरची दमछाक होऊ नये म्हणून जेंकिन्स जॉबच्या नावावरून एक मिनिट ठरवतं. ते मिनिट सेटिंगमध्ये लिहिलेलं नसतं. त्यामुळे साधन "७:३० ते ८:२९ या वेळेत, रोज त्याच मिनिटाला" एवढंच सांगतं. एजंटने "७:४२" असं नेमकं मिनिट सांगितलं आणि बिल्डचा इतिहास पाहिला नसेल, तर ते मिनिट त्याच्या मनचं आहे. जॉबचं नाव बदललं की हे मिनिटही बदलतं, हे लक्षात असू द्या.

गाळपाचा जॉब उन्हाळ्यापासून मेलाय. एजंट म्हणतो सगळं ठीक आहे. कोणाचं खरं?

एजंटचं. साखर कारखान्याच्या ग्राहकांसाठीचे जॉब गाळप हंगामापुरतेच जागे असतात. जॉब बंद केलेला नाही, ट्रिगरच्या महिन्याच्या रकान्यात "११-१२,१-३" लिहिलेलं आहे. सरळ "११-३" का नाही? जेंकिन्स उलटा क्रम घेत नाही, "३-११ म्हणायचंय का?" असं विचारतं. आणि कोणी हो म्हणून तसंच ठेवलं, तर जॉब मार्च ते नोव्हेंबर चालत राहील आणि ऐन हंगामात झोपेल.

जॉब बंद असणं आणि ट्रिगर झोपलेला असणं या दोन गोष्टी साधन वेगळ्या रकान्यांत देतं. एजंटला प्रश्न विचारताना तुम्हीही त्या वेगळ्या विचारा.

बिल्ड का फुटला, हे यातून कळेल का?

नाही. सेटिंग म्हणजे जॉबला काय करायला सांगितलंय. त्याने काय केलं ते कन्सोल लॉगमध्ये. पीकपेऱ्यात सोयाबीन नोंदवलं म्हणून शिवारात सोयाबीन उगवलंच असं नाही. लातूरचा नोड लाईट गेल्यामुळे बंद असेल, तरी सेटिंगमध्ये लेबल "लातूर" असंच दिसणार, आणि नुसत्या सेटिंगवर विसंबणारा एजंट म्हणणार की जॉब लातूरला चालतो.

या साधनाच्या कागदपत्रांत आम्ही सर्वांत जास्त वेळ याच एका मुद्द्यावर घालवला. साधन काय पाहतं हे लिहिणं सोपं असतं. ते काय पाहत नाही, हे एजंटला वाचायला मिळेल अशा जागी लिहावं लागतं. म्हणून प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक रकाना असतो: "यात नाही". त्यात त्या जॉबच्या प्रकाराप्रमाणे लिहिलेलं असतं: टप्पे नाहीत, नोडची सद्यस्थिती नाही, शेवटच्या रनचा निकाल नाही. हा रकाना आल्यापासून एजंट न पाहिलेल्या गोष्टी ठासून सांगणं बरंच कमी झालंय.

पासवर्ड, टोकन बाहेर जातात का?

हा प्रश्न विचारल्याबद्दल आधी धन्यवाद, फार कमी लोक विचारतात. मॉडेल बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर चालत असेल, तर साधनाचं उत्तर तिथपर्यंत जातं. ही गोष्ट गृहीत धरूनच पुढचं वाचा.

नीट बांधलेल्या जॉबमध्ये गुपित नसतं, फक्त त्याचा क्रेडेन्शियल आयडी, म्हणजे गुपिताचं खुणेचं नाव असतं. मूळ गुपित जेंकिन्स वेगळ्या फाईलमध्ये कूटबद्ध करून ठेवतं. पासवर्ड प्रकारच्या पॅरामीटरची डिफॉल्ट किंमत जॉबच्या फाईलमध्ये असते, तीही कूटबद्ध, महिरपी कंसात. खात्याला फक्त एक्स्टेंडेड रीड असेल तर जेंकिन्स अशा किमतींच्या जागी चांदण्या छापतं. कॉन्फिगर असेल तर फाईल जशीच्या तशी देतं. वाचणाऱ्या खात्याला कॉन्फिगर देऊ नका म्हणतो ते यासाठी.

खरा धोका शेल स्टेपमध्ये, म्हणजे जॉबमध्ये लिहिलेल्या कमांडमध्ये आहे. कोणीतरी घाईत डेटाबेसचा पासवर्ड सरळ कमांडमध्ये लिहून गेलेलं असतं, आणि जेंकिन्सच्या दृष्टीने तो साधा मजकूर. बाहेरून बिल्ड सुरू करण्यासाठीचं टोकनही फाईलमध्ये उघडंच असतं. साधन ते टोकन नेहमी झाकतं आणि शेल स्टेपचा मजकूर मुळात देतच नाही, फक्त "शेल स्टेप आहे" एवढं सांगतं. मजकूर मुद्दाम मागितला तर संशयास्पद ओळी झाकून देतं, पण ही झाकपाक नमुने ओळखून होते. तिच्यावर भरवसा ठेवून पासवर्ड स्क्रिप्टमध्ये राहू देऊ नका.

एजंटनेच सेटिंग दुरुस्त केली तर काय बिघडतं?

पुष्कळ. जेंकिन्समध्ये ही फाईल परत पाठवली की अख्खी जुनी फाईल बदलली जाते. साधन एजंटला वेचलेला भाग देतं. त्यावरून त्याने पूर्ण फाईल रचून पाठवली, तर आम्ही गाळलेलं सगळं उडालं. बदल हवा असेल तर एजंटकडून जेंकिन्सफाईलमधला बदल लिहून घ्या, माणसाने तो पाहावा आणि मर्ज करावा.

एमसीपीमध्ये साधनाला "फक्त वाचतं" अशी खूण लावता येते आणि आम्ही ती लावली आहे. पण ती खूणच, कुलूप नव्हे. कुलूप म्हणजे खात्याच्या परवानग्या. जेंकिन्सच्या एपीआय टोकनला (पासवर्डऐवजी प्रोग्रॅमला द्यायची किल्ली) स्वतःची वेगळी मर्यादा घालता येत नाही, ज्याचं टोकन त्याचे सगळे अधिकार त्यात येतात. म्हणून स्वतःचं टोकन साधनाला देऊ नका. वेगळं खातं काढा आणि त्याला "ओव्हरऑल/रीड", "जॉब/रीड", "जॉब/एक्स्टेंडेड रीड" एवढंच द्या.

सेटिंग कोणी बदलली ते सांगेल का?

नाही, फाईलमध्ये ते नोंदलेलंच नसतं. त्यासाठी जॉब कॉन्फिगरेशन हिस्टरी प्लगइन लागतं.

सर्व्हरवर फाईल हाताने बदलली. साधन नवी किंमत दाखवतं, जॉब जुन्याप्रमाणे चालतो.

साधनाला मिळते ती डिस्कवरची फाईल. जेंकिन्स मात्र मेमरीत आधी घेतलेल्या सेटिंगवर चालतं, आणि "रीलोड कॉन्फिगरेशन फ्रॉम डिस्क" करेपर्यंत त्याला नवी माहीतच नसते. मधल्या काळात कोणी स्क्रीनवरून "सेव्ह" दाबलं तर तुमचा हाताने केलेला बदल जातो तो वेगळाच. सर्व्हरवर शिरून फाईल उघडायची सवयच मोडा.

जॉबच्या वर्णनात लिहिलेलं एजंट आज्ञा समजून पाळेल का?

पाळू शकतो. वर्णनाच्या रकान्यात कोणीही काहीही लिहितं. "चालवण्याआधी जुना डेटाबेस काढून टाका" ही माणसासाठीची टीप एजंटला काम वाटू शकते, आणि मुद्दाम खोडसाळपणे लिहिलेलं असेल तर आणखी वाईट. साधन वर्णन वेगळ्या रकान्यात "वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर, सूचना नव्हे" असं चिकटवून देतं. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. अशा एजंटच्या हाती त्याच वेळी डेटाबेस पुसू शकणारं दुसरं साधन नसावं, हा खरा उपाय.

साधनाचं स्वतःचं वर्णन मराठीत लिहू का?

वर्णन लिहा. नाव मात्र रोमनच ठेवावं लागतं, कारण कित्येक मॉडेलांच्या एपीआयला साधनाच्या नावात रोमन अक्षरं, अंक, अधोरेषा आणि जोडरेषा एवढंच चालतं. या पानावर वाचायला सोपं जावं म्हणून सगळं देवनागरीत दिलंय.

वर्णनात भाषेपेक्षा मजकूर महत्त्वाचा. "जॉबची माहिती देतं" असं मोघम लिहिलं की एजंट बिल्ड फुटल्यावरही याच साधनाकडे धावतो. "एका जॉबची साठवलेली सेटिंग देतं, बिल्डचा निकाल किंवा लॉग हवा असेल तर हे वापरू नये" असं लिहिलं की नाही धावत. माणसं हे पान वाचतील, एजंट वाचणार नाही. त्याच्यासमोर तेवढ्या दोन ओळीच असतात. आमच्याकडे साधनात बदल करणाऱ्याने आधी त्या ओळी बदलायच्या, मग कोड.

लाईट किंवा नेट गेलं तर जुनं उत्तर मिळेल का?

नाही. साधन काहीही साठवून ठेवत नाही. जेंकिन्सपर्यंत पोचता आलं नाही तर तसं सांगतं आणि थांबतं. कालची सेटिंग आजची म्हणून दाखवण्यापेक्षा ते परवडलं.

तक्रार कशी करायची?

जॉबचं पूर्ण नाव कॉपी करून द्या, हाताने टाईप करू नका ("फेऱ्या" आठवा). किती वाजता विचारलं ते लिहा. साधनाचं मूळ जेसन उत्तर जोडा. एजंटने त्याचा केलेला सारांश पाठवू नका, कारण बहुतेक वेळा जेसन बरोबर असतं आणि सारांशात घोळ असतो, आणि दोन्ही हाती आल्याशिवाय दुरुस्ती कोडमध्ये करायची की वर्णनाच्या दोन ओळींत, ते ठरत नाही. ग्राहकाच्या जॉबबद्दल असेल तर पाठवण्यापूर्वी रेपोचा पत्ता खोडा.